तेलाच्या चिंध्या

धाकटी लग्न होऊन घरात आली तेव्हा छापखान्याच्या मागच्या अंगणात गवताची काडीसुद्धा उगवत नव्हती, आणि कोणाला त्याचं काही वाटतही नव्हतं. वर घर, खाली छापखाना, मागे ते काळपट अंगण. अंगणाच्या कोपऱ्यात एक मोरी होती. रोज संध्याकाळी मशीन धुतलेलं रॉकेल आणि थिनर त्या मोरीत ओतलं जाई.

"ताई, हे इथून पुढे कुठे जातं?" धाकटीने पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"जातं तिकडे."

"तिकडे म्हणजे?"

थोरली फर्मे, म्हणजे छापलेले मोठे कागद, दुमडत होती. तिने मान वर केली नाही. "बाबांच्या काळापासून जातंय बाई. अजून कोणी परत आणून दिलं नाही."

बाबा म्हणजे दोघींचे सासरे. छापखाना त्यांनी उभा केलेला. आता त्यांना जवळजवळ दिसत नव्हतं, वरच्या खोलीत जिन्याला लागूनच त्यांची खाट होती आणि छापलेला कागद हातात दिला की बोटं फिरवून ते खूश होत. मशीन थोरलीचा नवरा बघायचा. त्याला घरीदारी सगळे दादा म्हणत. धाकटीचा नवरा ऑर्डरी मिळवत गावोगाव फिरायचा. बाइंडिंगचं सगळं थोरलीकडे. आणि मशीनवर दादाच्या हाताखाली मामा, जो कोणाचाच मामा नव्हता, पण अंगाने मोठा आणि जिभेने तिखट असल्याने ते नाव त्याला चिकटलं होतं.

धाकटी पर्यावरणाचं शिकलेली होती. घरात पाऊल टाकल्यापासून तिचं नाक चालू झालं, असं दादा म्हणायचा. हा वास कसला, तो डबा कशाचा, हात कशाने धुता. थोरलीला आधी राग येई. नवी सून, आली आणि आपल्या घराला नाक मुरडते! पण एकदा दुपारी थोरली डोक्याला ओलं फडकं गुंडाळून कटिंग मशीनशेजारी बसली होती, तेव्हा धाकटी तिच्याजवळ येऊन बसली.

"रोज दुखतं?"

"आमच्या माहेरी सगळ्यांचीच डोकी दुखतात."

"माहेरी छापखाना आहे?"

थोरली हसली. मग तिने आपले हात पुढे केले. बोटांच्या पेरांवर भेगा, नखांभोवतीची कातडी सोललेली. धाकटीने ते हात बराच वेळ आपल्या हातात धरून ठेवले. त्या दिवसापासून थोरलीने तिला 'धाकटे' अशी हाक मारायला सुरुवात केली, आणि दोघींचं जमलं ते जमलंच.

वर्षभर धाकटी दादाच्या मागे लागली. आधी मशीन धुवायचं रॉकेल गेलं आणि त्याच्या जागी वनस्पती तेलाचं औषध आलं. मग शाई बदलली, तीही तेलबियांची. थिनरने बरबटलेली जुनी पिंपं तिने भंगारात काढली. मोरी सिमेंटने बुजवली. दादा कुरकुरला. शाई उशिरा वाळते, कागदावर कागद डाग मारतो, धंदा बुडेल. मामा म्हणाला, "आता शाई चाटून बघायची तेवढी राहिली." पण दोघांनी केलं सगळं, कारण धाकटी मशीनपाशी उभी राहून, हात काळे करून, त्यांच्याबरोबर शिकत होती.

आणि एका दुपारी थोरलीच्या लक्षात आलं, की डोकं दुखत नाहीये. कधीपासून नाही, तेही तिला आठवेना. ती हातातलं काम तसंच टाकून वर गेली आणि धाकटीला म्हणाली, "अगं, ऊन किती स्वच्छ दिसतंय बघ." एवढंच. धाकटीला कळलं.

धाकटीचे नियम पुष्कळ होते. कागदाची कातरण वेगळी बांधा, पंखे बंद करू नका, डब्यांची झाकणं लावा. त्यातला एक नियम चिंध्यांचा होता. रोलर पुसलेल्या तेलकट चिंध्या तिने अंगणात दोरीवर एकेक करून पसरायला लावल्या.

"हे तेल वाळताना गरम होतं," तिने सांगितलं होतं. "एकेक पसरली की ऊब उडून जाते. ढीग केला की आतल्या आत साठत जाते आणि आपोआप पेट घेतो. काडी लावायलाही लागत नाही. झाकणाचे लोखंडी डबे मागवलेत, ते येईपर्यंत दोरीवरच."

थोरलीने मान हलवली होती. त्या वेळी ती फर्मे जुळवत होती, आणि फर्मे जुळवताना ती कोणाच्याही बोलण्याला मान हलवायची.

शाळेची पुस्तकं छापणाऱ्या एका मोठ्या संस्थेचं पत्र आलं, की आम्ही छापखाना पाहायला येतो. पर्यावरण सांभाळून काम करणारा छापखाना त्यांना हवा होता. एवढं काम या घराने कधी पाहिलं नव्हतं. धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. ती जेवेना, धड झोपेना, भिंतीवर लावलेले तक्ते काढून पुन्हा लावी. थोरलीला तिची दया येई आणि अभिमानही वाटे. सगळं हिच्या जिवावर झालंय, हिचंच नाव व्हायला हवं, असं तिच्या मनात होतं.

पाहुणे यायचे त्या दिवशी ऊन सकाळपासूनच तापलं होतं. थोरली मागच्या दारात उभी राहिली आणि तिने परक्याच्या नजरेने अंगणाकडे पाहिलं. दोरीवर काळ्या, निळ्या, लाल चिंध्या लोंबत होत्या. नवी लावलेली रोपं त्यांच्यामागे दिसतसुद्धा नव्हती.

"ही काय कळा," ती स्वतःशीच म्हणाली.

धाकटी वर तयार होत होती. थोरलीने भराभर चिंध्या काढल्या. मामाने आदल्या संध्याकाळी पुसून टाकलेल्या ओल्या चिंध्याही मशीनखालून ओढून घेतल्या. दोन पोती झाली. पोत्यांची तोंडं बंद होईनात म्हणून तिने पायाने दाबून दाबून ती भरली, सुतळीने करकचून बांधली आणि जिन्याखालच्या खोलीत ढकलली. खोलीत जुने प्रूफ आणि उरलेले कागद पडून असत. तिने दाराला कुलूप लावलं. अंगण लख्ख झालं. धाकटी खाली येईल तेव्हा तिला किती बरं वाटेल, या विचाराने थोरली एकटीच हसली.

पण धाकटीला मागे जायला वेळच मिळाला नाही. दादाला छपाईची प्लेट सापडेना, मामाचा शर्ट फाटलेला निघाला, आणि त्या गडबडीत दुपार झाली.

जेवणं आटोपल्यावर बाबांनी वरून हाक मारली.

"कोणी तेल तापवतंय का गं?"

"नाही हो बाबा. नवी शाई आहे ना, तिचा वास."

"शाईचा नाही," बाबा म्हणाले. "खवट आहे."

थोरली जिन्यात थांबली. तिलाही वास आला. पुष्कळ दिवस डब्यात राहिलेल्या तेलाचा असतो तसा. तिने वर जाऊन बाबांची खिडकी उघडी केली, उशी सारखी केली आणि म्हणाली, "पडा जरा. पाहुणे गेले की चहा आणते." तेवढ्यात खाली गाडीचा आवाज झाला.

पाहुणे दोघे होते, एक चष्मेवाल्या बाई आणि एक उंच, कमी बोलणारे गृहस्थ. धाकटीने त्यांना सगळं दाखवलं. ती बोलत होती आणि थोरली नुसती तिच्याकडे बघत होती. रात्रंदिवस घाबरलेली ही पोर आता शाईच्या डब्यावर हात ठेवून असं सांगत होती, जणू हा छापखाना तिच्या आजोबांचा आहे. मशीन चाललं. बाईंनी ताजा कागद उचलून वास घेतला आणि म्हणाल्या, "डोक्यात वास चढत नाही हो इथे. नाहीतर बाकीच्या ठिकाणी उभं राहवत नाही." थोरलीला वाटलं, जिंकलं आपण.

"आणि कचरा?" गृहस्थांनी विचारलं.

"या ना, मागे या," धाकटी उत्साहाने पुढे झाली. "तेलकट चिंध्या आम्ही इथे दोरीवर..."

दोरी रिकामी होती.

धाकटी थबकली. तिने वळून थोरलीकडे पाहिलं.

"वाळल्या होत्या," थोरली चटकन म्हणाली. "काढून ठेवल्या."

"कुठे?"

"ठेवल्यात गं नीट."

धाकटीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. पण समोर पाहुणे होते. ती पुढचं वाक्य बोलली, मग त्याच्या पुढचं, रोपांबद्दल काहीतरी. आवाज मात्र तिचा राहिला नव्हता. सगळे आत परतले आणि बोळातून जाताना गृहस्थ जिन्याखालच्या दारापाशी थांबले.

"इथे काय असतं?"

थोरली पुढे झाली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. "जुनी रद्दी. किल्ली यांच्याकडे असते, आणि ते मशीनवर आहेत."

किल्ली तिच्याच मुठीत होती. पाठीला दार गरम लागलं.

उन्हाने तापलं असेल, असं तिने मनाशी म्हटलं. त्या दारावर ऊन कधीच येत नव्हतं. ते घराच्या ऐन पोटात होतं, भर उन्हाळ्यातही थंडगार. गरम व्हायला लागलं की मामा तिथेच पाठ टेकून बसायचा. हे तिला माहीत होतं. तरी ती तशीच उभी राहिली, हसऱ्या चेहऱ्याने. लाकडातून ऊब हळूहळू कपड्यात, कपड्यातून अंगात येत होती, एखाद्या तापलेल्या माणसाला पाठ लावून बसावं तशी. गृहस्थांनी मान डोलावली आणि ते पुढे गेले.

चहाच्या वेळी धाकटीने तिला दारात गाठलं.

"ताई, चिंध्या कुठे आहेत?" ती कुजबुजली.

"अगं, जाऊ दे ना त्यांना. मग सांगते."

"आत्ता सांगा."

"तू जा बरं. त्या बाई तुला बोलावतायत."

बाई खरंच बोलावत होत्या. धाकटी गेली. कप रिकामे झाले, कागदांचे नमुने पिशवीत भरले गेले, दादाने आपल्या वडिलांची गोष्ट सांगायला घेतली आणि ती लांबतच गेली. अखेर गाडी सुरू झाली. फाटकातून ती वळते न वळते तोच धाकटीने थोरलीचा दंड धरला.

"कुठे?"

"जिन्याखाली. दोन पोत्यांत. अगं, अंगण कसं दिसत होतं..."

धाकटी धावली. बोळात दाराखालच्या फटीतून धूर येत होता. तो वर चढत नव्हता, फरशीवरून सांडलेल्या पाण्यासारखा पसरत होता.

"दार उघडू नका!" ती ओरडली. "आधी बाबांना काढा! दार उघडू नका!"

पण दादा मागून आला होता. त्याने धूर पाहिला आणि थोरलीच्या हातातली किल्ली हिसकली. आत कागद आहे, विझवायला हवं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. कुलूप निघालं. क्षणभर आत नुसता काळोख दिसला, त्यात लाल डोळ्यांसारखे दोन ठिपके. मग बाहेरची हवा आत शिरली आणि आग हुंकार देऊन बोळात आली. दादा मागे फेकला गेला. जिना लाकडी होता. त्याच्या पायऱ्या खालून वर, एकेक करत, पेटत गेल्या.

बाबा वर होते.

थोरली त्यांना हाका मारत राहिली. वरून एकदा उत्तर आलं. बाबा म्हणत होते, "आलो, आलो," म्हणजे ते जिन्याकडेच येत होते. त्यांना दुसरी वाट ठाऊक नव्हती.

अंगणात कातरणीचे गठ्ठे रचलेले होते. धाकटी त्यांवर चढली, तिथून बाबांच्या खिडकीखालच्या छपराच्या पत्र्यावर. मामाने खालून तिला खांद्याने रेटलं. थोरलीने दुपारी उघडलेल्या खिडकीतून ती आत गेली आणि दिसेनाशी झाली. खिडकीतून आता नुसता धूर येत होता, दाट, तेलकट. तो हवेत विरत नव्हता. थोरलीला पुढे कधीच सांगता आलं नाही, की त्यात किती वेळ गेला. धाकटीचं डोकं दिसलं तेव्हा तिने बाबांना काखेत धरून ओढत आणलं होतं. जिन्याचा कठडा त्यांच्या मुठीतून सोडवताना तिचे दोन्ही हात भाजले होते. मामाने पत्र्यावर चढून बाबांना घेतलं. ते चिमुकले, हलके दिसत होते. तळवे सोडले तर अंगावर कुठे भाजल्याची खूणही नव्हती.

बंब आला, आग विझली. मशीन भिजलं पण वाचलं. बाबा दवाखान्यात काही दिवस श्वासासाठी झगडले आणि गेले.

बंबवाल्यांच्या साहेबांनी चौकशी केली आणि सांगितलं, की तेलाच्या चिंध्यांनी आपोआप पेट घेतला. बाबा गेले त्या दिवशी दवाखान्याच्या बाकांवर सगळं गणगोत जमलं होतं. "तेल?" दादाची मावशी म्हणाली. "छापखान्यात तेल कोणी आणलं?" आणि सगळ्यांच्या माना धाकटीकडे वळल्या. तिच्या हातांना कोपरापर्यंत पट्ट्या होत्या.

थोरली उठून उभी राहिली.

"चिंध्या मी ठेवल्या. तिने बजावलं होतं, ढीग करू नका म्हणून. मी पोत्यात कोंबल्या, आणि कुलूपही मीच लावलं."

मग मावशीने पदराने डोळे टिपले. "किती मोठं मन गं तुझं. जावेसाठी एवढं अंगावर घेतेस."

"अंगावर नाही घेत. खरं सांगते."

"गप्प बस," दादा म्हणाला. "कोणाला वाचवायला जाऊ नकोस. ही थेरं घरात आली नसती तर बाबा आज असते."

धाकटीच्या नवऱ्याने भावाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि खाली मान घातली. थोरलीने पुन्हा सांगितलं. त्या दिवशी आणि नंतरही, भेटायला येणाऱ्यांना, शेजाऱ्यांना, ज्याला त्याला. जितकं सांगावं तितकं लोक तिला नावाजत. खरं बोलून ते कोणाच्या कानात शिरू नये, असं तिच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. एखाद्या बंद खोलीत ओरडावं तसं तिला वाटायला लागलं.

धाकटी आणि तिचा नवरा भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला गेले. दादाने लोखंडी जिना बसवला आणि मशीन दुरुस्त केलं. पहिल्याच दिवशी त्याने रॉकेलचं आणि थिनरचं पिंप आत आणलं. बुजवलेली मोरी पहारीने फोडली. "हे निदान फसवत नाही," तो म्हणाला. मामाने फुटलेलं सिमेंट गोळा केलं. त्याचे विनोद बंद झाले होते.

मग संस्थेचं पत्र आलं. काम मिळालं होतं. सोबत मलपृष्ठाचा नमुना होता आणि त्याच्या कोपऱ्यात एक हिरवं पान, पर्यावरण जपल्याची खूण.

थोरली धाकटीला भेटायला गेली. धाकटीच्या पट्ट्या निघाल्या होत्या, पण बोटं पुरती मिटत नव्हती. चहाचा कप तिने दोन्ही तळव्यांत दाबून धरला.

"चल घरी," थोरली म्हणाली. "तुझ्यामुळे आलंय काम."

"दादा मानतात का, की पोती तुम्ही ठेवली होती?"

"ऐकूनच घेत नाहीत."

"मग नाही यायची मी, ताई. तुमच्यावर राग नाही माझा. राग असता तर सोपं गेलं असतं. पण पुढे काही जळालं, कोणी आजारी पडलं, तरी ते माझ्याच नावावर जाईल. आणि काहीतरी होणारच. ते पिंप परत आलंय ना?"

थोरलीने होय म्हटलं. तेवढ्यात तिने कपाळ दाबलं, नकळत. धाकटीने ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

दुसऱ्या दिवशी थोरलीने संस्थेच्या बाईंना फोन लावला.

"त्या पुस्तकांवर ते हिरवं पान नका छापायला लावू," ती म्हणाली. "तुम्ही पाहिलंत तसं आता इथे काही चालत नाही. रॉकेल वापरतात. अंगणात ओततात."

बाई मायेने म्हणाल्या, "तुमच्याकडे काय झालं ते कानावर आलं. फार वाईट वाटलं. पण पानाची काळजी करू नका. ते पान कागदापुरतं असतं, कागद कुठल्या झाडांचा आहे त्याचं. छपाई कशाने केली ते त्यात येत नाही."

"म्हणजे छापलं तरी चालतं?"

"हो, हो. नियमात बसतं. बाकी काही?"

बाकी काही नव्हतं. थोरलीने फोन ठेवला. खाली मशीन चालू होतं आणि घराची फरशी त्याच्या ठेक्यावर थरथरत होती. तिने कपाट उघडलं, पिशवीत चार कपडे भरले आणि लोखंडी जिन्याने खाली उतरली.

दादा रोलर पुसत होता. पिशवी पाहून त्याने विचारलं, "कुठे?"

"धाकटीकडे. राहायला."

"किती दिवस?"

"ते पिंप इथून जाईपर्यंत."

तो हसणार होता, पण तिचा चेहरा पाहून थांबला. रॉकेलची चिंधी त्याच्या हातात तशीच राहिली. अगदी हलक्या आवाजात त्याने विचारलं, "खरंच तू ठेवली होतीस ती पोती?"

"दवाखान्यात काय खोटं बोलत होते मी?"

दादा कागदाच्या थप्पीवर बसला. मशीन चालूच होतं, छापलेले कागद एकावर एक पडत होते, प्रत्येकावर ते पान.

"धाकटी ओरडत होती," तो म्हणाला. "उघडू नका म्हणून. मला ऐकू आलं होतं."

थोरली थांबली. काहीतरी बोलावं असं तिला वाटलं, पण त्याला दिलासा देणारं आणि खरं असं एकही वाक्य तिला सापडेना. तिने मामाकडे पाहिलं. मामाने हात लांब करून मशीन बंद केलं. त्या शांततेत ती बाहेर पडली.

धाकटीच्या दारावर तिने थाप मारली तेव्हा आतून पावलं आली. कडी खडखडली, थांबली, पुन्हा खडखडली.

"थांबा हं ताई," आतून धाकटी म्हणाली. "बोटं धरत नाहीत."

"सावकाश काढ," थोरली म्हणाली, आणि पिशवी खाली ठेवून ती उभी राहिली.